आईचं अल्ब्युमिन २.९ आलं तेव्हापासूनचं

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. गेल्या आठवड्यात, म्हणजे ५ मार्च २०२५ ला डायलिसिसवर असलेल्या माझ्या आईचं रक्त झालं आणि अल्ब्युमिन, म्हणजे लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रोटीन, ३.७ आलं. सप्टेंबरमध्ये ते २.९ होतं. मधल्या सहा महिन्यांत आम्ही काय केलं, कुठे चुकलो, किती पैसे गेले ते सगळं लिहून ठेवते, कारण सप्टेंबरात रात्री दोन वाजता मी हेच मराठीत शोधत होते आणि जे मिळालं ते एकतर इंग्रजीत होतं नाहीतर 'किडनीवर रामबाण उपाय' टाइपचं. मी डॉक्टर वगैरे नाही, गोव्यात म्हापशात एका पतसंस्थेत कॅशियर आहे, आकडे जुळवायची सवय आहे एवढंच.

आई ६३ वर्षांची. डिचोली तालुक्यात आमचं गाव, तिथे ती दादा-वहिनीकडे असते, मी लग्न होऊन म्हापशाला. वीस वर्षांची शुगर, त्यातून किडनी. जानेवारी २०२४ मध्ये क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) नऊच्या वर गेलं, धाप लागायला लागली आणि एका रात्रीत मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. पहिले दोन महिने प्रायव्हेटमध्ये केलं, मग जवळच्या सरकारी सेंटरमध्ये स्लॉट मिळाला. स्लॉटला पाच आठवडे लागले. ज्यांचं आत्ताच सुरू झालंय त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे मागितले ते कागद असे: नेफ्रॉलॉजिस्टची (किडनीच्या डॉक्टरची) चिठ्ठी, आधार, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड, राहण्याचा पुरावा, फोटो, आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी चे रिपोर्ट. हे शेवटचे रिपोर्ट तीन महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत. आमचे साडेतीन महिने जुने झाले होते, परत करावे लागले. दीनदयाळचं कार्ड एक्स्पायर झालेलं नाही ना ते आधी बघा, नूतनीकरण दरवर्षी असतं आणि नेमकं आजारपणात आठवतं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख असं त्याचं कव्हर आहे. प्रायव्हेटचे दोन महिने त्याच्यावरच निघाले. आता सेंटरमध्ये डायलिसिसचे पैसे लागत नाहीत. लागतात ते गाडीचे, बाहेरच्या टेस्टचे, आणि खाण्याचे. खाण्याचे किती लागतात ते पुढे येईलच.

आईचे दिवस सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. मार्चमध्ये डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) केला, मेअखेर तो वापरायला लागले आणि मानेतली नळी निघाली. आम्हाला वाटलं सुटलो.

खरं तर जूनच्या रिपोर्टातच ते लिहिलेलं होतं. अल्ब्युमिन ३.४. मी आता मागे जाऊन फाइल बघितली तेव्हा कळलं. त्या वेळी आम्ही सगळे क्रिएटिनिन बघायचो, पोटॅशियम बघायचो, हिमोग्लोबिन बघायचो, आणि अल्ब्युमिनच्या ओळीवर कुणाचं बोटच गेलं नाही. कुणाचं म्हणजे आमचंच.

मग पाऊस. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हे काय सांगायला नको. बाजारात जे मिळतं ते महाग, आणि इतर घरांत ह्या दिवसांत सुके बांगडे, गालमो (सुका जवळा) चालतात ते आईला मिठामुळे बंद. म्हणजे दोन महिने मासा जवळजवळ नाहीच. बंदी उठली आणि चार दिवसांत, ५ ऑगस्टला श्रावण लागला. तो २०२४ मध्ये सोमवारीच लागला आणि त्यात पाच सोमवार. आई लहानपणापासून श्रावणी सोमवार करते. आणि सोमवार हा तिचा डायलिसिसचा वार.

तिने आम्हाला सांगितलं नाही. म्हणजे मासे-अंडी नाहीत हे माहीत होतं, पण सोमवारी निव्वळ चहा आणि एक केळं (केळं! त्यातलं पोटॅशियम तिला बंद!) खाऊन ती सेंटरला जाते हे वहिनीलासुद्धा माहीत नव्हतं, कारण ती पहाटे स्वतःच उठून तयार होऊन बसायची. नारळी पौर्णिमेच्या सोमवारी, तिसऱ्या तासाला बीपी ८० वर आलं. टेक्निशियनने पाय वर केले, सलाइन सोडलं, पाणी काढायचं थांबवलं. तो सावंतवाडीकडचा मुलगा आहे, सगळ्यांशी घरच्यासारखा बोलतो. त्याने विचारलं, "मावशी, सकाळी काय खाल्लंत?" तेव्हा बाहेर आलं. त्यानंतर चवथीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, हरतालिका. परत उपास, परत डायलिसिसचा वार. त्या दिवशी मी तिच्याशी भांडले. चवथीच्या माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बसून दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो.

११ सप्टेंबर, बुधवार. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी फाइल उघडली, रिपोर्टवर पेनने गोल केला, म्हणाले, "अल्ब्युमिन २.९ आहे. प्रोटीन वाढवा." आणि पुढच्या बेडकडे गेले. बारा पेशंट, एक डॉक्टर, मी त्यांना दोष देत नाही. पण मला तो गोल दिवसभर डोळ्यांसमोरून जाईना.

रात्री मोबाइल घेऊन बसले आणि बसायला नको होतं. १९९० साली लॉरी आणि ल्यू ह्या दोघांनी अमेरिकेतल्या बारा हजारांहून जास्त डायलिसिस पेशंटची रक्ताची माहिती तपासली आणि त्यात अल्ब्युमिन कमी असलेल्यांत मृत्यूचा धोका जास्त दिसला. चारच्या वर असलेल्यांपेक्षा साडेतीन ते चार वाल्यांचासुद्धा जास्त, आणि जसं खाली जावं तसा चढत जाणारा. मग १९९३ चा एक अभ्यास, १३,४७३ पेशंटचा. त्यात डायलिसिस किती नीट होतंय ह्याच्याशी तुलना केली होती आणि त्याच्यापेक्षाही कमी अल्ब्युमिन हेच मोठं लक्षण निघालं. सगळीकडे तोच शब्द, सर्व्हायव्हल. मी टेबलात आईचा खाना शोधत होते. २.९ कुठल्या खान्यात. सापडला तेव्हा मोबाइल उलटा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले. नवऱ्याने उठून विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, झोप येत नाही.

दादाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आईला सांगायचं नाही असं ठरलं. ते दोन दिवस टिकलं. शुक्रवारी गाडीत तीच म्हणाली, "बाय, त्या कागदावर गोल कशाला मारलाय? रक्त माझं आहे ना, मग मला सांग की." सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मग काय खायचं ते सांग, उगाच रडू नको."

आता खाण्याचं. मी कॅशियरसारखाच हिशोब मांडला. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा ऑनलाइन मागवला, ३९९ रुपये, आणि रविवारी आईकडे राहून ती दिवसभर जे खाते ते मोजून वहीत लिहिलं. सकाळी चहा आणि अर्धा पाव. अकराला उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड (तीही नको खरं तर). दुपारी भात, पातळ सोलकढी, दोन चमचे भाजी. चारला चहा, दोन मारी बिस्किटं. रात्री भात-दूध, तेही चार घास. सगळं मिळून प्रोटीन आलं २७ ग्रॅमच्या आसपास. हिमोडायलिसिसवाल्याला वजनाच्या दर किलोला रोज १ ते १.२ ग्रॅम लागतं. आईचं ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) ४८ किलो, म्हणजे ४८ ते ५८ ग्रॅम पाहिजे. निम्मं. आणि वर प्रत्येक डायलिसिसला रक्तातली काही ग्रॅम अमिनो आम्लं मशीनबरोबर निघून जातात ती वेगळीच.

एवढं कमी का खाते, असं विचारलं तर आईने फ्रीजकडे बोट दाखवलं.

फ्रीजवर एक कागद होता. शांतादुर्गेच्या मॅग्नेटखाली, पिवळा पडलेला, कोपऱ्यात हळदीचा डाग. २०२१ चा डाएट चार्ट. 'डाळ अर्धी वाटी. अंडी, मासे आठवड्यातून एकदाच. प्रोटीन कमी.' तेव्हा ते बरोबरच होतं, डायलिसिस लागण्याआधी किडनीवर ताण नको म्हणून प्रोटीन कमी करायला सांगतात. पण डायलिसिस सुरू झालं की नियम उलटा होतो, आणि हे उलटं झालंय असं आम्हाला कुणी सांगितलं नाही, किंवा जानेवारीच्या त्या गडबडीत सांगितलं असेल तर आमच्या डोक्यात शिरलं नाही. आई बिचारी साडेतीन वर्षं इमानदारीत तो कागद पाळत होती. तुमच्या घरात कुणाचं नवीन डायलिसिस सुरू झालं असेल तर आधी फ्रीजवर काय चिकटवलंय ते बघा.

कागद काढला. मग अंडी सुरू. फक्त पांढरं, कारण फॉस्फरस पिवळ्यात असतो आणि आईचा फॉस्फरस आधीच सहाच्या वर. एका पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या वर प्रोटीन, दिवसाला पाच म्हणजे अठरा ग्रॅम सुटले. अंडं तेव्हा आठ रुपये, महिन्याचे बाराशे. वहिनीला गृह आधारचे (गोवा सरकारची गृहिणींसाठीची योजना) दीड हजार येतात ते सरळ अंड्यांत गेले, ती हसत म्हणते की सरकारने माझ्या नावावर कोंबड्या पोसल्या. पिवळी बलकं दादाच्या कुत्र्याला, तो आता बॅरलसारखा झालाय. डायलिसिसवाल्यांची म्हणून वेगळी प्रोटीन पावडर मिळते तिचा एक डबा आणला, आठशे-नऊशेला, आईने तीन दिवस घेतली आणि म्हणाली ओल्या खडूसारखी लागते. तो डबा अजून कपाटात आहे, कुणाला पाहिजे असेल तर.

मासे ताजे, रोज एक वेळ, मोठा तुकडा. मुडदुशी किंवा इसवण परवडेल तेव्हा, नाहीतर बांगडा. हुमणात मीठ कमी, त्रिफळं जास्त. फॉस्फरस कमी करायची गोळी जेवणाच्या मध्ये, नंतर नाही. आणि डायलिसिसच्या दिवशी सकाळी दोन पांढऱ्यांचं ऑम्लेट खाऊनच घराबाहेर. आई वैतागायची पण खायची. फक्त ती फार हळू खायची, माशाचा तुकडा पेजेत कुस्करून, पाव चहात बुडवून. मला वाटलं वयामुळे. हे वाक्य लक्षात ठेवा.

सहा आठवडे असं केलं. २३ ऑक्टोबरचा रिपोर्ट: ३.०.

फक्त ०.१. मी पतसंस्थेच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. वर दिवाळीनंतरच्या रविवारी मला काय सुचलं कोण जाणे, घरी माणूस बोलावून दुसऱ्या एका लॅबमध्ये परत टेस्ट केली, ३५० रुपये दिले, आणि आलं २.७. त्या रात्रीबद्दल लिहीत नाही.

सोमवारी दोन्ही रिपोर्ट घेऊन नेफ्रॉलॉजिस्टना गाठलं. ह्या मॅडम महिन्यातून दोनदा येतात. सकाळी सहापासून नंबर लावायचा, माझा अकरावा लागला, साडेबाराला आत गेले. पण त्यांनी वीस मिनिटं दिली आणि ती वीस मिनिटं मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. आधी त्या २.७ बद्दल म्हणाल्या, हे विसर. रविवारी आईच्या अंगात दोन दिवसांचं पाणी होतं, अडीच-तीन किलो जास्त, पाण्याने रक्त पातळ झालं की अल्ब्युमिनही पातळ दिसतं. शिवाय अल्ब्युमिन मोजायला दोन वेगवेगळे रंग वापरतात, एका पद्धतीत आकडा थोडा जास्त येतो, दुसरीत कमी. एकच लॅब, एकच वार, डायलिसिस लावायच्या आधी. नाहीतर तुलनाच करू नको. दुसरं म्हणजे एकदा तयार झालेल्या अल्ब्युमिनपैकी निम्मं संपायला वीसेक दिवस जातात, तेव्हा आज खाल्लं आणि पुढच्या आठवड्यात वाढलं असं होत नसतं.

मग मी तो अभ्यासांचा विषय काढला. त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "आकडे खरे आहेत. पण ते हजारो माणसांचं गणित आहे. अल्ब्युमिन कमी म्हणून माणूस जात नाही, ज्या कारणाने अल्ब्युमिन कमी होतं ते कारण माणसाला नेतं. आपण कारण शोधायचं." मी विचारलं, अल्ब्युमिनची बाटली चढवतात म्हणे, शेजारच्यांच्या पाहुण्याला चढवली होती, पैसे भरू आम्ही. तर म्हणाल्या, "काही दिवस रिपोर्ट छान दिसेल. आतलं कारण तसंच."

आणि मग चवथीचं उदाहरण दिलं, ते जसंच्या तसं लिहिते. "चवथीला तुमच्याकडे पन्नास माणसं येतात तेव्हा रोजची पेज कोण रांधतं? सगळ्या बायका नेवऱ्या तळायला बसलेल्या. लिव्हरचं तसंच. शरीरात कुठे सूज असेल, इन्फेक्शन असेल, तर लिव्हर रोजचं अल्ब्युमिन बनवायचं बाजूला ठेवतं आणि सीआरपीसारखी दुसरी प्रोटीनं बनवत बसतं. तू सामान कितीही आणून दे, चूल रिकामी नाही." तेव्हा मला त्या ०.१ चा अर्थ लागला. अंडी पोचत होती, पण रांधायला कुणी नव्हतं.

सीआरपी बाहेर करावी लागली, साडेचारशे रुपये. आलं ४१. त्या लॅबच्या कागदावर नॉर्मल पाचच्या आत लिहिलेलं.

आता शोध. छातीचा एक्स-रे, साफ. लघवी जी थोडी होते तिची कल्चर, साफ. फिस्टुलाचा हात दाबून बघितला, लाली नाही, गरम नाही. पावलं, बोटांच्या बेचक्या, शुगरमुळे जखम आहे का, नाही. तीन-चार दिवस ह्यात गेले आणि काहीच सापडेना.

सापडलं ते टेक्निशियनला. ८ नोव्हेंबरच्या शुक्रवारी आई डायलिसिसवर असताना वहिनीने दिलेलं उकडलेलं अंडं खात होती आणि तो बाजूच्या मशीनवर काम करत होता. मला म्हणाला, "ताई, मावशी एकाच बाजूने खातात, तेपण पुढच्या दातांनी. दाढा दुखतात काय त्यांच्या?" मी आईला तोंड उघडायला सांगितलं आणि मोबाइलचा टॉर्च मारला. डावीकडे खाली दोन दाढा हिरडीतून सुटलेल्या, बोट लावलं तर हलतात, आणि हिरडी दाबली तर पिवळा थेंब वर आला. वास तर होताच, पण डायलिसिसवाल्यांच्या तोंडाला वास येतोच असं समजून आम्ही सगळे गप्प होतो. वर उजवीकडे आणखी दोन तशाच. विचारलं कधीपासून. म्हणाली, "पावसाच्या आधीपासून असेल. तुम्हाला किती कामं लावायची?"

मला राग तिचा आला की माझा ते अजून ठरलेलं नाही. सहा आठवडे मी समोर बसून तिला पाव चहात बुडवताना बघत होते.

बांबोळीला जीएमसीजवळच (गोवा मेडिकल कॉलेज) गोवा डेंटल कॉलेज आहे, तिथे नेलं. पहिली फेरी माझ्या चुकीने फुकट गेली, कारण डायलिसिस पेशंटचा दात काढायचा तर नेफ्रॉलॉजिस्टचं पत्र लागतं हे मला सुचलंच नाही. ते पत्र आधीच घ्या आणि त्यात ह्या गोष्टी लिहून आणा: डायलिसिसचे वार कुठले, हेपॅरिन (मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) किती, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कावीळ बी-सी चे रिपोर्ट, आणि कुठलं अँटिबायोटिक किती द्यायचं. फिस्टुलाच्या हाताला बीपी लावायचं नाही हे तर प्रत्येक नवीन टेबलावर तोंडाने सांगायचं, मी आता आईच्या मनगटावर लाल दोराच बांधलाय.

दात काढायचा तो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी नाही, कारण हेपॅरिनमुळे रक्त थांबत नाही. म्हणून मंगळवार ठरला, १२ नोव्हेंबर. सकाळी साडेसातला डिचोलीहून निघालो, टॅक्सी जाऊन-येऊन सतराशे (एकदा कदंबा बसने नेलं होतं, येताना आईला उभं राहवेना, परत नाही). खालच्या दोन्ही दाढा निघाल्या. आधी इन्फेक्शन किती आत गेलंय तो एक्स-रे, मग भूल, मग फार तर दहा मिनिटं. बाहेर आली तेव्हा तोंडात बोळा, आणि खुणेने विचारते दादाला फोन केला का. दुखण्याला फक्त पॅरासिटामॉल, बाकी पेनकिलर मेडिकलवाल्याने दिलं तरी घ्यायचं नाही. अँटिबायोटिक डायलिसिसच्या दिवशी डायलिसिस झाल्यावर, आधी घेतलं तर मशीन धुऊन काढतं. बुधवारचं डायलिसिस हेपॅरिनशिवाय केलं, त्यासाठी सेंटरला आदल्या दिवशीच फोन करून ठेवला होता. मशीनची नळी एकदा जाम झाल्यासारखी झाली, पण निभावलं. वरच्या दोन दाढा २६ नोव्हेंबरला, परत मंगळवार.

तो पंधरवडा खाण्याचे हाल. अंडं किसून पेजेत, मासा पूर्ण काटे काढून मिक्सरमध्ये, घरचं पनीर थोडंसं. वहिनीने वही चालू ठेवली होती, त्यात एका दिवशी ३१ ग्रॅम लिहिलंय आणि पुढे 'सॉरी'.

१८ डिसेंबर: सीआरपी ९, अल्ब्युमिन ३.३. मॅडमनी ह्या वेळी हिरव्या पेनने टिक केली. २२ जानेवारीला ३.५. मध्ये फेब्रुवारीत सर्दी-खोकला झाला तेव्हा रक्त घेऊच दिलं नाही मी, उगाच खाली आलेलं बघायचं नव्हतं, हे काही शास्त्रीय नाही. ५ मार्चला ३.७. चारच्या वर गेलं तर उत्तम असं मॅडम म्हणतात, पण घाई नाही.

फरक रिपोर्टाच्या आधी अंगात दिसला. पायावरची सूज कमी झाली, बीपी मध्येच पडायचं ते डिसेंबरपासून एकदाच पडलं, आणि संध्याकाळी ती स्वतःहून तुळशीपर्यंत चालत जाते. भूक लागते म्हणाली, हे तिने वर्षभरात पहिल्यांदा म्हटलं.

खर्चाचं विचारतात म्हणून: सप्टेंबर ते मार्च टॅक्सी धरून साधारण साडेसोळा हजार. त्यातले सात हजारांच्या आसपास अंड्यांचे.

श्रावण यंदा (२०२५) २५ जुलैला लागतोय. चार सोमवार आहेत, चारही डायलिसिसचे. मी भटजींना विचारलं, ते म्हणाले आजारी माणसाला उपासाची सक्ती नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "भटाला कशाला विचारायचं, मी महादेवाशी बघते." शेवटी तिच्याकडून एवढं कबूल करून घेतलंय की अंडं-मासा नाही तर नाही, पण सकाळी पनीर खाल्ल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. पनीर उपासाला चालतं की नाही ह्यावर वहिनी आणि तिची अजून चर्चा चालू आहे.

हिरड्या भरल्यात, कवळीचं माप घ्यायला आता बोलावतील. पुढचं रक्त २ एप्रिलला. दादाने कालनिर्णयवर त्या चौकोनात 'रक्त' लिहून ठेवलंय आणि त्याच्या खाली आईने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, 'कवळी विचारणे'.